थांबलेला दाब

पत्र्याच्या कोपऱ्यातली जाडी एक पूर्णांक तीस शतांश मिलिमीटर भरली. तिच्या गणिताप्रमाणे ती एक पूर्णांक बाराच्या आसपास असायला हवी होती. तिने मापकाचं टोक पुसलं, पुन्हा टेकवलं. तेवढीच.

विमानाच्या इंजिनाजवळ बसणारा टायटॅनियमचा भाग होता तो. थंड असताना हा धातू हेकट. कितीही दाबा, उसळून मागे येतो. नऊशे अंशांवर मात्र मेणासारखा मऊ पडतो. मग वरून आर्गॉन वायूचा दाब सावकाश चढवत न्यायचा, की पत्रा साच्यात उतरतो. घाई केली तर कोपऱ्यात पातळ होऊन फाटतो. फार रेंगाळलं तर धातूतले कण फुगतात, आणि तो भाग विमानात बसवायच्या लायकीचा उरत नाही.

हा दाब तिचे यजमान वीस वर्षं हाताने चढवत. दोन वर्षांपूर्वी सकाळच्या पाळीवरून घरी येऊन ते खुर्चीत टेकले, ते उठलेच नाहीत. पुढे कंपनीने हाताचा व्हॉल्व्ह काढला, तिथे पोलादी बूच आवळून त्यावर राखाडी रंग मारला आणि दाब संगणकाच्या हवाली केला.

"मायक्रॉन मॅडम, हे बघा," फोरमनने आलेख तिच्यापुढे सरकवला. मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत मोजणारी म्हणून कारखान्यात तिला हेच नाव पडलं होतं. "बत्तिसाव्या मिनिटाला दाब चढायचा थांबला. चार मिनिटं रेघ सपाट. मग आपली आपण पुढे."

"सेन्सर बदला."

"बदलला. व्हॉल्व्हही बदलला. आता फोरमन तेवढा बदलायचा राहिलाय."

ती हसली. पण बत्तिसाव्या मिनिटाला आपण कुठे होतो, हे तिला आठवलं.

पुढच्या आठ पत्र्यांच्या वेळा तिने टिपून ठेवल्या. तीन वेळा ती प्रयोगशाळेतून हललीच नाही. रेघ सरळ वर गेली. पाच वेळा ती खाली शेडमध्ये, पत्रा दाबणाऱ्या प्रेसपाशी गेली. प्रेसभोवतीचा जमिनीवरचा पिवळा पट्टा ओलांडला त्याच मिनिटाला दाब थांबला, आणि ती परत फिरल्यावर चढू लागला.

घाबरायला हवं होतं. तिच्या मनात आलं ते वेगळंच. ती शेडमध्ये आली की ते असेच व्हॉल्व्हवरचा हात थांबवत आणि मान वळवून विचारत, "झालं का गं तुझं?" तेवढंच. घरी ते फारसं बोलत नसत.

त्यानंतर ती रोज जाऊ लागली. नऊ मिनिटं. सतरा मिनिटं. कोटाच्या खिशात हात घालून भट्टीच्या धगीपुढे नुसती उभी राहायची. कोणी काही विचारलं नाही. तिच्या मोजमापांना कारखान्यात सगळेच वचकून असत. सतरा मिनिटांच्या पत्र्याचे कण सूक्ष्मदर्शकाखाली मर्यादेच्या अगदी काठावर निघाले. तिने तो पास केला. सव्वीस मिनिटांचा पत्रा मात्र तिने मुकाट्याने भंगारात टाकला.

"आई, तुझी खोली रंगवून सहा महिने झाले," लेक फोनवर म्हणाली. "रंगाचे पोपडे निघायच्या आत येशील ना?"

"बघते गं."

"दोन वर्षं बघतेच आहेस. एकदा हो तरी म्हण, नाही तर नाही म्हण."

गुरुवारी दुपारी तिने ठरवलं, आज पाचच मिनिटं. घड्याळ लावून ती उभी राहिली. पाच मिनिटं झाली. ती पट्ट्याबाहेर आली, पायऱ्या चढून प्रयोगशाळेत गेली, दार लावून घेतलं.

दहा मिनिटांनी फोन वाजला.

"मॅडम," फोरमन म्हणाला, "रेघ अजून सपाटच आहे."

"मी तिथे नाहीये."

"म्हणूनच तर फोन केला."

त्यालाही ठाऊक होतं तर.

ती खाली आली. एकोणीस मिनिटं झाली होती. फोरमनने संगणकावरून दाब वाढवायची आज्ञा तीनदा दिली होती. पडद्यावर आज्ञा दिसत होती. रेघ जागची हलत नव्हती.

"भट्टी बंद करू?"

"अर्ध्यावर निवली तर पत्रा साच्यात अडकेल. साचाही जाईल."

बावीस.

ती पट्ट्याच्या आत गेली. प्रेसच्या कुशीला ते बूच होतं. दोन वर्षांत त्याला कोणाचा हात लागला नव्हता. त्याच्याभोवतीचा राखाडी रंग गोल तडकला होता. तडा ताजा होता. रंगाची बारीक पूड अजून खाली पडत होती.

फोरमनने ते पाहिलं आणि तो दोन पावलं मागे सरकला.

आज ती वर निघून गेली तरी ते थांबूनच राहिले, मग उद्या कुठवर थांबतील? घरी? लेकीच्या दारात? आणि सतरा मिनिटांचा तो पत्रा आता कोणत्या तरी विमानात होता.

चोवीस.

तिने बुचावर हात ठेवला. चारी बाजूंनी धग होती, आणि लोखंड हाताच्या तळव्याइतकंच कोमट होतं.

तिला अजून थोडं उभं राहायचं होतं. फार नाही.

"अहो," ती म्हणाली. शेडमध्ये हा शब्द तिने पहिल्यांदाच मोठ्याने उच्चारला होता. "माझं झालंय. मी लेकीकडे राहायला जातेय, कायमची. तुम्ही थांबू नका."