खड्याचं पाणी

दादाच्या दारूपायी माझ्या धाकट्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं, त्या वर्षीची ही गोष्ट.

आम्ही दोघे भाऊ खड्यांना पैलू पाडायचो. कामाची एकच खोली, उत्तरेला खिडकी, दोन चाकं. दादासारखा हात कुणाचा नव्हता, पण आता तो हात थरथरायचा. खडे टिचायचे. डॉक्टर म्हणाले, लिव्हर गेलंय, असंच चाललं तर वर्ष निघणार नाही.

"भावजी," वहिनी म्हणाली, "तो जांभळा खडा दारू सोडवतो म्हणतात ना?"

"तसं असतं तर दारूवाल्यांनी कधीच दुकानं बंद केली असती."

जुने कारागीर सांगायचे खरं. पूर्वी राजे याच दगडाच्या पेल्यातून प्यायचे, म्हणे चढत नसे. झोप लागत नसेल तर उशाखाली ठेवायचा. मला एवढंच ठाऊक होतं, की उन्हात ठेवला किंवा तापवला तर त्याचा रंग उडतो. तरी तिच्या समाधानासाठी एक न घासलेला खडा दिला. पिकल्या जांभळासारखा, जवळजवळ काळा.

तो तिने झाकणाच्या भांड्यात, पाण्यात टाकला. भांडं कपाटात ठेवलं. त्यातलं पेलाभर पाणी ती रोज संध्याकाळी दादाला द्यायची.

थोड्याच दिवसांत दादाने बाटली अर्धी सोडून दिली. मग उघडलीच नाही. एके दुपारी त्याने तिळाएवढ्या खड्याला पैलू पाडला. मी माझं चाक थांबवून बघत राहिलो.

मी कपाट उघडलं. खडा धुऊन विटलेल्या कापडासारखा फिका झाला होता. तिथे ऊन येत नव्हतं. पुढच्या वेळी पाहिला तेव्हा तो काचेसारखा पांढरा होता.

त्याच सुमाराला वहिनीची जीभ जड झाली. चालताना ती भिंत धरायची. तिच्या तोंडाला वास यायचा.

"चोरून पितेस?" दादा ओरडला.

"थेंब घेतला असेल तर जीभ झडो माझी!"

तो कामाच्या खोलीत गेल्यावर मी विचारलं, "वहिनी, भांड्यात उरलेल्या पाण्याचं काय करता?"

"पिते. कारागिराच्या घरात खड्याचं पाणी कुणी टाकतं का?"

खरं होतं. चाकाखालचं पाणीसुद्धा आम्ही टाकत नसू. ते निवळू द्यायचो, वापरायचो.

"हे टाका."

तिने कामाच्या खोलीत डोकावून पाहिलं. दादा चाकावर बसला होता. हात दगडासारखा स्थिर.

"टाकलं आणि यांचं परत सुरू झालं तर?"

मीही त्या हाताकडे पाहिलं.

तिने माझ्यासमोर भांडं तोंडाला लावलं. सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत.

नंतर दवाखान्यात डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. हळू आवाजात विचारलं, "बाई किती वर्षं पितायत?"

उन्हाळा संपता संपता, एका सकाळी वहिनी गेली. दादा त्यानंतर बावीस वर्षांनी गेला, म्हातारपणाने.