डावीकडचा भोपळा

मिसेस डॉइलच्या पायऱ्यांवर दर हॅलोवीनला दोन भोपळे असत, तिच्या जुळ्या मुलांच्या नावाचे. उजवीकडचा मर्नाचा, डावीकडचा टकचा. टकला जाऊन दोन वर्षं झाली तरी म्हातारी त्याचा भोपळा कोरायची, डोळे-दात नीट काढायची. आत मेणबत्ती मात्र ठेवायची नाही.

मर्नाची बालमैत्रीण नॅडीन दारापाशी आली तेव्हाही उजव्या भोपळ्यातच उजेड होता.

"तिला नेतेय तशीच परत आणून सोडते, मिसेस डॉइल," ती म्हणाली.

"शब्द दिलायस, लक्षात ठेव." म्हातारीच्या हातात दारावर येणाऱ्या पोरांसाठी चॉकलेटांचं भांडं होतं. "भाऊ गेल्यापासून कोपऱ्यावरच्या दुकानापलीकडे गेलेली नाही ती."

नॅडीन शाळेत विज्ञान शिकवायची. पोरांना ती नेहमी सांगे, कारण नाही अशी गोष्ट जगात नाही. कारण सापडलं नाही तर आपण पुरेसं पाहिलेलं नसतं. मर्ना घरात बसून झिजते आहे, याचं कारण तिला ठाऊक होतं आणि उपायही. 'टिन हार्बर' हा क्लीव्हलंडचाच जुना रॉक बँड. हॅलोवीनच्या त्यांच्या कार्यक्रमाला टक दोघींना दरवर्षी ओढून न्यायचा. तिथेच पुन्हा जायचं. तिकिटं आधी काढली आणि मर्नाला मग सांगितलं, म्हणजे 'नाही' म्हणायला जागाच नको.

मर्ना बाहेर आली ती टकचं जुनं डेनिमचं जाकीट घालून, केस टोपीत खोचून, ओठांवर पेन्सिलीने मिशी काढून.

"हे काय सोंग?"

"टक झालेय. आज चालतं." मग आवाज जाड करून, "चल प्रोफेसर, पाय उचल."

नॅडीनला प्रोफेसर फक्त टक म्हणायचा. नक्कल इतकी भिकार होती की दोघींना हसू फुटलं. म्हातारी हसली नाही.

सभागृहाबाहेर गाड्यांच्या तळावर एरी तलावाचा वारा झोंबत होता. लोकांनी गाड्यांमागे शेगड्या मांडून सॉसेज भाजायला घेतले होते. चेटकिणी रांगेत उभ्या राहून मोबाइल बघत होत्या. हाडांचा सांगाडा झालेल्या एका आडदांड बुवाने मर्नाला विचारलं, "तू कोण झालीयस?"

"माझा भाऊ."

"आणि तो कुठंय? तो तू झालाय की काय?"

मर्ना मोठ्याने हसली. नॅडीनला बरं वाटलं. औषध लागू पडत होतं.

त्यांच्या जागा मधल्या रांगांत होत्या. समोर, गोल सभागृहाच्या पलीकडच्या बाजूला, वरचा अख्खा मजला छतापासून काळ्या पडद्याने झाकलेला होता.

"त्याच्यामागे काय?" मर्नाने विचारलं.

"रिकाम्या खुर्च्या. तिकिटं खपली नाहीत की झाकून टाकतात. रिकामं दिसलं की गाणाऱ्याचा जीव खट्टू होतो."

मर्नाने खिशातून टकचा पितळी लायटर काढला. टक तो डाव्या हातात धरून मांडीवर एकदा सर्रकन घासायचा, की ज्योत हजर. मर्नाने उजव्या हाताने कितीदा तरी घासून पाहिला. नुसत्या ठिणग्या उडाल्या. "हे मला जन्मात जमायचं नाही," ती म्हणाली.

कार्यक्रम सुरू झाला. ढोलाचा ठोका छातीच्या पिंजऱ्यात वाजू लागला. मर्ना आधी बसून होती, मग उभी राहिली, मग घसा बसेपर्यंत गायली. तिचे गाल लाल झाले होते. अडलेल्या पोराला गणित सुटताना पाहून वाटतं, तसं नॅडीनला वाटत होतं.

मग पांढऱ्या केसांचा गायक स्टुलावर बसला आणि सगळे दिवे गेले. नेहमीच्या लोकांना ही रीत पाठ होती. संथ गाण्याआधी, मिट्ट काळोखात, जो इथे असायला हवा होता आणि नाही, त्याचं नाव प्रत्येकाने हाक मारून घ्यायचं. मग उजेड वर धरायचा.

हजारो नावं एकदम उठली. नॅडीनने वडिलांचं घेतलं. शेजारी मर्नाने तोंडाभोवती तळवे धरले आणि टकच्या जाड आवाजात हाक मारली.

"मर्ना!"

"अगं, हे काय?"

"मी आज टक ना? टकला दुसरं कोण आठवणार?" ती हसत होती.

मोबाइलचे पांढरे दिवे वर आले. गाणं सुरू झालं. माणसं लयीत डोलू लागली.

आणि समोर काळ्या पडद्यामागे दिवे लागले.

आधी तुरळक. मग छतापर्यंत. नॅडीनने कारण शोधलं: प्रतिबिंब. पण प्रतिबिंब पांढरं पडलं असतं. हे पिवळे होते, बारीक ज्योतींसारखे, हात वर केल्याच्या उंचीवर. इकडचे सगळे डोलत होते. तिकडची एकही ज्योत हलत नव्हती.

फक्त एक हलत होती. खालच्या कोपऱ्यातली. लय सोडून, जोरजोरात, लांबून कुणी हात करावा तशी.

"मर्ना, ते बघ."

शेजारी सर्रकन आवाज झाला. डाव्या हातात, एका फटक्यात, लायटर पेटला होता.

"पाहून झालंय, प्रोफेसर."

या वेळी ती नक्कल वाटली नाही.

दिवे आले. पडदा काळाच्या काळा, सरळ लोंबत होता.

परतताना जाकिटातल्या मैत्रिणीने पाय वर उचलून गाडीच्या पुढच्या काचेखाली टेकवले. नॅडीनने शांतपणे विचारलं, "पहिलीच्या आपल्या बाईंचं नाव काय गं?"

"मिस ऑर्लिक. केसांना व्हिनेगरचा वास यायचा."

बरोबर होतं. नॅडीनने श्वास सोडला. दोन चौक गेल्यावर तिला आठवलं, जुळी भावंडं एकाच वर्गात बसायची.

"सोंग पुरे आता, मर्ना."

"पुरे तर पुरे."

घर आलं. डेनिमचं जाकीट दोन दोन पायऱ्या गाळत वर गेलं. दार उघडलं. म्हातारीने तळवा उचलून समोरच्या गालावर ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग ती बाजूला झाली. दार लागलं.

नॅडीनच्या ओठांवर आलेलं 'आणली बघा, नेली तशीच' ओठांवरच राहिलं.

डावीकडच्या भोपळ्यात उजेड होता. उजवीकडचा विझला होता.

वाऱ्याने विझला असणार. ती उतरली, पायरीवर गुडघे टेकले आणि उजव्या भोपळ्याच्या डोळ्याला डोळा लावला.

भोपळा जेमतेम वीतभर खोल होता. पण आत फार लांबवर, अंधाराच्या पार टोकाला, एक पिवळा ठिपका जोरजोरात हलत होता.