हरणाआत्याचा अर्धा अंगठा

ही गोष्ट खरी आहे. आमच्याच घरातली आहे, म्हणून इतकी वर्षं तोंड मिटून बसलो.

१९९६ चा डिसेंबर. साताऱ्यातलं आमचं ठसे तपासायचं ऑफिस. वेळ दुपारी अडीचची. म्हणजे भुताखेतांची वेळच नव्हे.

तेव्हा आमच्याकडे कॉम्प्युटर नव्हता. भिंग आणि डोळे, एवढ्यावर काम. ठशातली रेष कुठं तुटते, कुठं तिला फाटा फुटतो, ते मोजायचं आणि दुसऱ्या ठशाशी लावून बघायचं.

त्या दिवशी पलूसकडची फाइल आली. माहेरच्या जमिनीवरचा हक्क सोडल्याचा साधा कागद. खाली डाव्या अंगठ्याचा ठसा...

अर्धाच.

नाव वाचलं आणि हात थांबला. हरणाबाई. माझी सख्खी आत्या, दोन वर्षांपूर्वी वारलेली. कागद पुढं केला होता माझ्या वडलांनी. दावा लावला होता आत्याच्या एकुलत्या एक मुलीनं, सोनियानं. आत्याचं आडनाव वेगळं आणि आमचं तर गावोगाव सापडणारं, त्यामुळे ऑफिसात नातं कुणाला कळलं नाही. मीही सांगितलं नाही.

सोबत आत्याच्या एका जुन्या अर्जावरचा पूर्ण ठसा होता. भिंग लावलं. दोन, पाच... आठ खुणा जुळल्या. अंगठा तिचाच.

मग कड नीट बघितली. शाई एकाच बाजूला लागलेली. नवशिक्याची चूक.

ती चूक माझी होती.

ट्रेनिंगला असताना आम्ही सरावाला घरच्यांचेच अंगठे घ्यायचो. सुट्टीत आत्याला कट्ट्यावर बसवून मी कोऱ्या कागदांवर तिचे ठसे घेतले होते. ती हसून म्हणाली होती, "घे रं किती बी. तुज्या शिक्षनाला लागतंय न्हवं?" बिघडलेले कागद मी घरीच टाकून आलो. वडलांनी त्यातला एक उचलून ठेवला आणि ठशाच्या वर मजकूर लिहून घेतला.

बापानं मला फसवलं होतं, तेही माझ्याच हातानं. रडूच आलं मला.

तेवढ्यात मागं आवाज आला...

चर्र... चर्र...

शाईवरून रोलर फिरतो तसा. मी वळलो. कुणी नाही. रोलर कपाटात आणि कपाटाला कुलूप.

पुन्हा टेबलाकडं वळलो, तर टेबलाच्या काचेवर शाईचा ठसा होता. ओला. तोही अर्धा.

दुसरा अर्धा.

कागद सरकवून त्याला भिडवला. कागदावरची प्रत्येक रेष जिथं संपत होती, तिथून काचेवरची पुढं जात होती. एकही चुकली नाही.

मी डोळे मिटले. उघडले, तेव्हा काच कोरडी होती.

संध्याकाळच्या एसटीनं गाव गाठलं. "आप्पा, आत्याचा अंगठा कुठनं आणलासा?"

वडील शांतपणे म्हणाले, "तूच घेतलावतास की. मी नुसता कागद ठिवला. आता तोंड उगडलंस तर मी जेलात, आन् तुजी नोकरी बी जाईल. बग बाबा."

चार दिवसांनी मी रिपोर्ट दिला. 'ठसा जुळतो.' त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. अंगठा कसा घेतला, ते कुणी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

सोनिया दावा हरली. निकालाच्या दिवशी कोर्टाच्या आवारात गाठ पडली. वाटलं, शिव्या देईल. ती जवळ आली.

"दादा, कागद तुज्याम्होरं आलाय म्हनून मी निवांत हुते. आई म्हनाली, त्यो आपला हाय. त्यो समदं खरं सांगंल."

कागद कुणाच्या टेबलावर गेलाय, हे बाहेर कुणाला ठाऊकच नव्हतं.

"आत्या जाऊन किती वर्षं झाली, सोनिया. कधी म्हणाली ती?"

"डिसेंबरात. सांजच्याला दारात हुबी हुती. साताऱ्यासनं आले म्हनाली. लय खुशीत हुती."

सोनिया निघून गेली. परत कधी बोलली नाही.

मी आता रिटायर झालोय. तरी भर दुपारी एकटा बसलो, की मागं वळून बघायची हिंमत होत नाही.