तिसऱ्या मजल्यावरची सुरई

फॉर्म क्र. १७. नाव: सुतर्मान. वय: ५८. कुठून आलात: जावा. मनोरा पाहून काय वाटलं: वर बघायला मान मागे टाकली तर टोपी पडली. टोपी शोधेपर्यंत बायको हरवली. दोघीही घड्याळाखालीच सापडल्या.

फॉर्म क्र. २२. नाव: नको. वय: विचारू नये. कुठून आलात: कैरो. काय वाटलं: इतकं उंच कशाला? अल्लाला तर कुजबुजही ऐकू जाते.

फॉर्म क्र. ३१. नाव: रशीदाबी. वय: ६६. कुठून आलात: मालेगाव. काय वाटलं: आमच्या ह्यांना लांबचं दिसत नाही, पण एवढं घड्याळ दिसतं. आता वेळेवर नमाजला येतात. बांधणाऱ्याचं भलं होवो.

मक्केत हरमसमोर, म्हणजे काबाच्या मशिदीसमोर, उभ्या असलेल्या या मनोऱ्याच्या चौथ्या मजल्यावर, अत्तराचं दुकान आणि सरकता जिना यांच्या मधोमध, बहीजाचं टेबल होतं. टेबलावर काचेची पेटी, दोरीला बांधलेली चार पेनं आणि छापील फॉर्मांचा गठ्ठा. मनोऱ्याबद्दल लोकांना काय वाटतं यावर कुणीतरी प्रदर्शन भरवणार होतं. बहीजाचं काम रोज पेटी उघडायची, फॉर्म वाचायचे, अरबीत नीट उतरवायचे. एकतीस वर्षं शाळेत शिकवून ती निवृत्त झाली होती. उर्दू तिला घरातूनच येत होती, कारण तिचे वडील हिंदुस्थानच्या हाजींची व्यवस्था बघायचे.

ते घर इथेच होतं. नेमकं कुठे, हे सांगता येत नसे, कारण मनोरा बांधताना घराखालची टेकडीच उरली नव्हती. बहीजाचा अंदाज, सरकत्या जिन्याच्या डाव्या अंगाला, जरा वर. हवेत.

फॉर्म क्र. ४०. नाव: हसन. वय: ७१. कुठून आलात: इथलाच, मक्केचा. काय वाटलं: काही नाही. माझ्या अंगणात लिफ्ट आहे.

"खाला, हा तुमच्या गल्लीतला दिसतोय," शेजारी बसणारी नवाल हसत म्हणाली. नवाल चाळिशीची, तोंडाळ, दिवसभर खरबुजाच्या बिया सोलत बसणारी. "आणि ही नायजेरियातल्या कानोची बाई बघा. आई रडली म्हणते. हिला वाटलं आनंदानं. तर आई म्हणते, मी बघायला आले अल्लाच्या छोट्या घराकडे आणि डोळे पळतात ह्या मोठ्याकडे. डोळ्यांनाच शिव्या घातल्या म्हणे म्हातारीनं."

"ते नीट उतरव," बहीजा म्हणाली. "हसू नकोस."

"तुम्ही नाही लिहिलात अजून फॉर्म."

"मला काही वाटत नाही."

"असं कसं? सगळ्यांना काहीतरी वाटतं."

बहीजानं पुढचा फॉर्म उचलला.

फॉर्म क्र. ६१. नाव:      वय: १९. कुठून आलात: अरफातच्या वाटेवरून. काय वाटलं: दार सापडत नाही.

अरबी अक्षर तिरकं होतं, घाईचं. शेवटच्या अक्षराचे दोन ठिपके सुटे न काढता एकच आडवी रेघ मारलेली. अशी रेघ बरेच जण मारतात. बहीजानं स्वतःला हे दोनदा सांगितलं आणि फॉर्म गठ्ठ्याच्या तळाशी सरकवला.

*

संध्याकाळी ती शहराबाहेरच्या आपल्या फ्लॅटवर पोचली तेव्हा जिन्यातच मस्तकीच्या धुराचा वास आला. उम्मी, तिची आई, निखाऱ्यावर मस्तकीच्या डिंकाचे खडे टाकून त्या धुरावर मातीची सुरई पालथी धरत होती. सत्त्याऐंशी वर्षांची बाई. चालता येत नव्हतं, पण हे ती बसल्याबसल्या करायची. धुरी दिलेल्या सुरईत ज़मज़मचं पाणी भरायचं आणि सुरई तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत ठेवायची. पूर्वी सगळी मक्का हेच करायची. उम्मीनं ते पन्नास वर्षं एका माणसासाठी चालवलं होतं.

तिला सगळे 'उम्म सिराज' म्हणत, सिराजची आई. सिराज जाऊन पन्नास वर्षं झाली तरी हाक तीच राहिली.

"आज कुणी काही म्हणालं?" उम्मीनं विचारलं. ती रोज विचारायची.

"काय म्हणणार, उम्मी?"

"त्या जागेवर बसतेस म्हणून विचारलं. माणूस हरवतो, ते नशिबाचं. पण दारच हरवलं तर यायचं कुठे गं त्यानं?"

घर पाडणार म्हटल्यावर उम्मीनं ना दागिने मागितले ना भांडी. मला इथेच कोपऱ्यात बसू द्या, एवढंच म्हणत होती. शेवटी दोन माणसांनी खुर्चीसकट उचलून खाली आणली. मांडीवर सुरई होती.

बहीजानं निखारे विझवले.

*

सिराज गेला त्या वर्षी बहीजा दहा वर्षांची होती.

हजच्या दिवसांत मक्केतले पुरुष हाजींबरोबर मीना-अरफातला जात आणि मागे शहर बायकांचं होई. मग क़ैस नावाचा बायकांचा खेळ निघायचा. बायका नवऱ्यांचे, भावांचे झगे घालायच्या, कोळशानं मिशा काढायच्या आणि डफ वाजवत गल्लीगल्लीतून हिंडायच्या. कुणी पुरुष घरात राहिलेला सापडला, की त्याची धडगत नसे. त्याच्या खिडकीखाली उभं राहून असं काही गायचं, की त्यानं तोंड लपवून अरफातचा रस्ता धरावा.

सारे गेले अरफातला, कोण राहिलं घरी?
डोक्यावर घाला ओढणी, हाती द्या परात तरी!

थोरल्या भावाला, सिराजला, दोन दिवस ताप होता. वडील त्याला तिसऱ्या मजल्यावर निजवून हाजींबरोबर गेले. "कुणाला कळू देऊ नकोस हं, छोटे," सिराज म्हणाला होता. त्याचाच जुना झगा तिच्या अंगात होता. मिशीही त्यानंच काढून दिली, सुरईखालच्या निखाऱ्यातला विझलेला कोळसा घेऊन. काढताना तिला गुदगुल्या झाल्या होत्या.

बायका गल्लीत आल्या. डफ, हसणं, धूळ. कुणीतरी विचारलं, आहे का इथे एखादा भित्रा? आणि सगळ्यांच्या पुढे नाचणारी बहीजा ओरडली, "आमच्याकडे आहे! तिसऱ्या मजल्यावर!"

पाव तास गाणं चाललं. मग तो खाली आला. चेहरा तापानं लाल, ओठांवर हसू, पायांत काही नाही. बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानं बहीजाकडे पाहिलं आणि पायऱ्या उतरून गेला.

अरफातच्या तंबूंत तो पोचला नाही. दवाखाने, चौक्या, दऱ्या, वडिलांनी सगळं पालथं घातलं. हे घडलं तेव्हा उम्मी हरमकडे गेलेली होती. परत आल्यावर तिनं गल्लीतल्या एकेकीला विचारलं, "माझा मुलगा घरात आहे, हे सांगितलं कुणी?"

कुणीच सांगितलं नाही. मिशी तोवर धुऊन झाली होती.

*

फॉर्म क्र. २०४. नाव:      वय: १९. कुठून आलात: अरफातच्या वाटेवरून. काय वाटलं: तिसऱ्या मजल्यापर्यंत चढलो. खिडकीत सुरई नाही. इथल्या खिडक्या उघडतच नाहीत.

"हा कोण टवाळ आहे?" बहीजानं आवाज शक्य तितका सरळ ठेवून विचारलं. "कुणी मुलगा येऊन लिहून जातो का?"

नवालनं वाचलं. "दुपारभर तर सगळ्या इंडोनेशियाच्या बायका होत्या. एकही मुलगा नाही." बी दातांत धरून ती थांबली. "सुरई म्हणजे? ते तर म्हाताऱ्या माणसांचं काम. एकोणीस वर्षांच्या पोराला काय माहीत?"

बहीजानं शिक्षिकेसारखी चौकशी केली. फॉर्मांवर छापील क्रमांक होते. त्या दिवशी एकशे ऐंशीपर्यंतचेच फॉर्म वापरले गेले होते. दोनशेच्या पुढचा गठ्ठा कपाटात होता, प्लास्टिकच्या वेष्टनात, कुलपात. किल्ली तिच्याच पर्समध्ये.

तिनं वेष्टन फोडून मोजलं. दोनशे एक, दोनशे दोन, दोनशे तीन, दोनशे पाच.

नवालनं बिया पिशवीत परत भरल्या.

पुढच्या आठवड्यात बहीजा पेटीवरून नजर काढत नव्हती. लोक येत, हसत, लिहीत. सेनेगलच्या एका माणसानं मनोऱ्याचं चित्रच काढलं आणि खाली मुंगी काढून लिहिलं, 'मी'. मक्केची एक म्हातारी पेन हातात धरून दहा मिनिटं उभी राहिली आणि कोरा फॉर्म पेटीत टाकून गेली. ती गेल्यावर जिन्याच्या डाव्या बाजूनं, वरून, मस्तकीचा वास आला. अत्तराच्या दुकानात विचारलं. ते म्हणाले, आम्ही मस्तकी ठेवत नाही, खाला.

*

फॉर्म क्र. ३८८. नाव:      वय: १९. कुठून आलात:      काय वाटलं: त्या बायका अजून खाली उभ्या आहेत का? त्या गेल्या की येतो.

हा नव्या गठ्ठ्यात, बरोबर मधोमध होता. वेष्टन बहीजानं स्वतःच्या हातानं फाडलं होतं.

*

हजचा मुख्य दिवस, अरफातचा दिवस उजाडला. सकाळी उम्मीला सुरई पेलेना म्हणून बहीजानंच निखारे पेटवले, सुरईला धुरी दिली, पाणी भरलं आणि सुरई खिडकीत ठेवली.

"तू जा हरमला," उम्मी म्हणाली. "आज शहर आपलं. माझ्यासाठी दुआ कर."

"तुम्हाला एकटं सोडून?"

"ज़कीया डोकावणार आहे शेजारची, किल्ली आहे तिच्याकडे. आणि हे बघ…" उम्मीनं तिचं मनगट धरलं. बोटं काड्यांसारखी झाली होती. "मला आता फार दिवस नाहीत. तो आला तर त्याला कळायला हवं आपण इथे आहोत. कुणीतरी सांगायला हवं की नाही?"

रात्रभर बहीजाही तोच विचार करत पडली होती.

दुपार कलली. रस्ते ओस पडले होते. दुकानांची शटर खाली होती, कबुतरं भर रस्त्यात बसलेली, गाडी आली तरी उठत नव्हती. हरमच्या अंगणात मात्र काळे बुरखे, पोरं, खजुराचे डबे, थर्मास. हजारो बायका अरफातच्या दिवसाचा रोजा सोडायला आल्या होत्या. मनोऱ्याची सावली अंगणाच्या पुढे कुठेतरी लांबवर गेली होती.

ती आधी मनोऱ्यात गेली. सरकता जिना रिकामाच वर चालला होता. टेबलापाशी कुणी नव्हतं. तिनं दोरीचं पेन हातात घेतलं.

फॉर्म क्र. ४१२. नाव: बहीजा. वय: ६०. कुठून आलात: इथूनच. काय वाटलं: सिराज, मीच सांगितलं होतं. बायका गेल्या, त्यातल्या बऱ्याचशा आता या जगातही नाहीत. उम्मी वाट बघते. आपण शराए भागात राहतो. पाण्याच्या टाकीसमोरची पिवळी इमारत, तिसरा मजला, डावं दार. सुरई खिडकीत आहे.

फॉर्म पेटीत पडला. काचेवर कागद आपटल्याचा आवाज झाला.

मग वरून, डाव्या अंगाला, हवेतून, कुणीतरी अनवाणी पायऱ्या उतरू लागलं.

एक. एक. एक.

सरकता जिना वर चालला होता. त्यावर कुणी नव्हतं.

पावलं तिच्या खांद्याशेजारून गेली. खाली गेली.



*

रोजा तिनं तीन खजूर आणि ज़मज़मनं सोडला. चव कळली नाही. मगरिबची, सूर्यास्ताची नमाज होताच टॅक्सी मिळाली. अख्ख्या रस्त्यात दिवे होते, माणूस नव्हतं. टॅक्सीवाली बाई म्हणाली, "सगळे गेले बघा आज." बहीजानं मान हलवली.

डावं दार बाहेरून कुलूपबंद होतं, जसं ती ठेवून गेली होती. उम्मी खिडकीपाशी खुर्चीत बसलेली. चेहरा इतका निवांत, की बहीजानं वाकून श्वास चालतोय का ते बघितलं. मग उम्मीनं डोळे उघडले.

सुरई रिकामी होती. तिच्या खालची ताटली ओली.

"ज़कीया आली होती?"

"नाही गं. विसरली असेल." उम्मीनं तिच्याकडे पाहिलं. ती रडलेली होती, पण आता रडत नव्हती. "किती तहानलेला होता. उभ्यानंच सगळी सुरई प्यायला. बस म्हटलं तर बसला नाही."

बहीजा जमिनीवर बसली. "काय म्हणाला?"

"माझ्यावर रागावलास का, विचारलं. नाही म्हणाला. कुणावरच नाही म्हणाला." उम्मी जराशी हसली, कोड्यात पडल्यासारखी. "आणि जाताना म्हणाला, छोटीला सांग, आता मिशी पुसून टाक. कसली गं मिशी?"

बहीजानं वरच्या ओठावर बोट ठेवलं.

सकाळी निखारे पेटवले होते, हे खरं. पण त्यानंतर तिनं नमाजआधी तीनदा वुज़ू केला होता, चेहरा खसाखसा धुतला होता, हजारो बायकांमध्ये बसून आली होती.

बोट काळं झालं. तिनं पुन्हा पुसलं. पुन्हा काळंच.