हवेची नळी

दुपारची केंकी, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे उकडलेले गोळे, आणि तळलेला मासा फडक्यात बांधून एकुआ नवऱ्याच्या कामाच्या छपरीत आली, तेव्हा जोजो एका पाइपाकडे बघत उभा होता. जाड, मळकट प्लास्टिकचा, मुठीएवढ्या तोंडाचा.

"हा कुठून आणलास?"

"बॉसने पाठवला. म्हणाले, नवा कशाला घेतोस, माझ्या आवारात ढीग पडलाय." जोजो हसला. "खिडक्या बुजवून सिनेमाची खोली बांधली, भिंतींना गालिचे ठोकले, आणि हात आखडला तो पाइपावर!"

बॉस म्हणजे अमिसा साहेब. टेकडीमागच्या खाणीचे मालक. परवाना नसलेल्या खाणीला लोक खाण म्हणत नाहीत, नुसतं 'खड्डा' म्हणतात. त्या खड्ड्यात एकुआचा थोरला भाऊ एबो आणि आणखी चौघं गाडले गेले, त्याला पाऊण वर्ष झालं होतं. कुणालाच वर काढलं नाही. अमिसांनी घरच्या वडीलधाऱ्यांसमोर जमिनीवर दारू ओतून शपथ घेतली होती, 'दरड कोसळली त्याच क्षणी पाचही जण गेले.' आईने एबोचा सदरा शवपेटीत ठेवून पुरला. पण ती अजून रोज विचारायची, "लगेच गेला असेल ना गं? खरंच लगेच?" एकुआ 'हो' म्हणायची. आणि मग रात्री कानांवर उशी दाबून पडायची.

त्याच माणसाच्या घरासाठी जोजो सबवूफर, खोल घुमणाऱ्या आवाजाची स्पीकरची पेटी, बनवत होता. दुसरं काम नव्हतं.

"बघ," तो जेवता जेवता सांगू लागला. त्याला या विषयावर थांबवणं अवघड. "पेटी नुसती बंद ठेवली तर आवाज कोंडतो. तिला एक नळी द्यायची, पोर्ट. नळीतली हवा आत-बाहेर हलते, पेटी श्वास घेते म्हण ना. नळी लांब, तर आवाज खोल. पण तोंड अरुंद राहिलं की हवा फसफसते, दम लागल्यासारखी."

"असं नको बोलूस," एकुआ म्हणाली.

"काय बोललो मी? भित्री कुठली!"

त्याने पाइप मापाला कापला. उरलेला तुकडा कोळशाच्या शेगडीजवळ फेकला. एकुआने तो सहज उचलला आणि तिचं बोट कडेवर अडलं. तिथे खाचा होत्या. आतून-बाहेरून, जोडीजोडीने.

"जोजो, हे काय?"

"उंदीर. आवारात काय कमी आहेत?"

इतक्या रुंद दातांचा उंदीर तिने कधी पाहिला नव्हता. तिने तो तुकडा पदराच्या टोकात गुंडाळला आणि का कोण जाणे, घरी नेला.

पेटी पूर्ण झाली. पण नळी फसफसायची. जोजोने तिचं तोंड निखाऱ्यांवर तापवून पातेल्याच्या बुडावर दाबलं, कर्ण्यासारखं पसरवलं. आतलं टोक मागच्या फळीपासून दूर सरकवलं. फसफस जाईना. शेवटी त्याने हवा कशी हलते ते बघायला तोंडापाशी मेणबत्ती धरली. ज्योत आत वाकली. ती बाहेर यायला हवी होती, पुन्हा आत जायला हवी होती. पण ती आतच ओढलेली राहिली...

"असं होत नाही," जोजो पुटपुटला.

तेवढ्यात वीज गेली. मेणबत्तीही विझली. आवाज देणारं यंत्र बंद, सगळं बंद. आणि पेटीतून ठोके आले. टक. टक. टक. टक. मग जरा थांबून, टिंग.

एकुआच्या हातातलं भांडं पडलं.

"लाकूड वाळतंय. सरस ओढतोय," जोजो म्हणाला. पण त्याने पेटीला हात लावला नाही.

एकुआला एबो आठवला. पोट भरल्यावर पाय पसरून तो फुशारक्या मारायचा. "आम्हाला खाली हवा नळीने येते. वर मशीन धडधडत असतं. दरड आलीच, तर जो जिवंत असेल त्याने नळीवर एकेक ठोका द्यायचा. वरच्यांना कळतं, किती जणांची केंकी उकडायची!" आणि बोटातली तांब्याची अंगठी ताटलीवर वाजवून दाखवायचा. टिंग.

दुसऱ्या संध्याकाळी वीज गेली तेव्हा ठोके चार आले. तिसऱ्या दिवशी तीन. एकुआ छपरीच्या दाराशी बसून ऐकायची. ज्या संध्याकाळी एकच ठोका आला, तो 'टिंग' होता. खूप वेळाने आला. तिला वाटलं होतं, येणारच नाही.

जोजोनेही ऐकला. अंधारातूनच तो म्हणाला, "एकुआ... पाइप काढून टाकू का? नवा घालतो. पैसे उसने घेईन कुणाकडून."

"नको. ज्याचा आहे त्याला दे."

पेटी बसवायला ती जोजोबरोबर गेली. अमिसांच्या त्या खोलीत दार लावलं की बाहेरचं जग मरायचं. पडद्यावर विमान फुटलं आणि आवाज जमिनीतून छातीत चढला. अमिसा लहान मुलासारखे टाळ्या पिटू लागले.

"वा रे पठ्ठ्या! पोटातली आतडी हलली!"

"बॉस," एकुआने विचारलं. "त्या दिवशी हवेचं मशीन कधी बंद केलंत?"

त्यांनी तिच्याकडे बघितलंही नाही. "लगेच. मेलेल्यांसाठी डिझेल कोण जाळतं, पोरी?"

"आणि ठोके?"

आता त्यांनी बघितलं. क्षणभरच. मग पडद्याकडे वळले आणि आवाज वाढवला.

रविवारी सकाळी सगळं गाव प्रार्थनेला गेलं होतं. जोजोही. एकुआ ताप आल्याचं सांगून घरी राहिली होती, आणि आई एबो गेल्यापासून चर्चला जातच नव्हती. जोजोचा फोन घरीच राहिला होता. तो वाजला.

"जोजो? दाराचं लाकूड फुगलंय की काय, उघडत नाहीये... नोकर चर्चला गेलेत... इथे हवा..."

"मी एकुआ बोलतेय, बॉस."

"हवा नाहीये इथे. कोणाला तरी पाठव. ही पेटी ठोकतेय. वायर उपटली तरी ठोकतेय..."

फोनमधून तिलाही ऐकू आलं. टक. टक. टक. टक. टिंग. पाच. मग बराच वेळ नुसता ओढलेला श्वास. मग सहावा ठोका. तो ओलसर, घाबरलेला, बोटाच्या हाडाचा होता.

"ऐकतेस ना? पोरी, ऐकतेस ना?"

चर्च हाकेच्या अंतरावर होतं. तिथली गाणी खिडकीतून येत होती. एकुआ फोनकडे बघत राहिली. मग तिने तो बंद केला. अगदी हळूच.

घर शांत झालं. खाटेखाली फडक्यात गुंडाळलेला पाइपाचा तुकडा होता. फडकं तिने घट्ट बांधलेलं तिला पक्कं आठवत होतं. आता ते तोंडापाशी खोल आत ओढलं गेलं होतं, आणि दातांच्या खाचांभोवती ओलं झालं होतं.

मागच्या अंगणातून आईने रोजचा प्रश्न विचारला. एकुआला तोंड उघडता आलं, पण 'हो' म्हणायला छातीत हवाच उरली नव्हती.