मागणी आणि बढती

आग लागलेली नव्हती. लागल्याचं नाटक होतं. आमच्या ऑफिसात अधूनमधून घंटा वाजायची, मग सगळ्यांनी हातातलं टाकून जिन्यानं खाली जायचं आणि गाड्या लावायच्या जागेत शहाण्या मुलांसारखं उभं राहायचं. त्या दिवशी घंटा वाजली तेव्हा माझं सॉफ्टवेअर चढवायचं काम अर्ध्यावर होतं. मध्येच बंद केलं असतं तर सकाळपासूनची मेहनत पाण्यात गेली असती. म्हणून मी उघडा लॅपटॉप ताटासारखा दोन्ही हातांवर घेतला आणि सगळे मजले उतरले. खाली आले तर पाऊस!

"अहो, बंद करा ना तो..." शेजारून कुणीतरी म्हणालं.

"नाही करता येत. वीस टक्के राहिलेत."

"कशाचे?"

"तुम्हाला नाही कळायचं."

बोलणारा पुढे आला. कडक इस्त्रीचा शर्ट, डोळ्यांत मिश्कील हसू. त्यानं छत्री उघडली आणि धरली, पण माझ्या डोक्यावर नाही... लॅपटॉपवर. आम्ही दोघं समोरासमोर उभे राहून चिंब भिजलो. लॅपटॉप मात्र कोरडा ठणठणीत.

"छत्री बाईच्या डोक्यावर धरतात," मी म्हटलं.

"डोकं काय, वाळेल हो. त्या वीस टक्क्यांचं काय?"

खरं सांगते, त्यानं माझ्या डोळ्यांचं कौतुक केलं असतं तर मी ढुंकूनही पाहिलं नसतं. पण माझ्या कामावर छत्री धरणारा माणूस मला आयुष्यात पहिल्यांदाच भेटत होता. मी तिथेच खलास झाले.

तो विक्री बघायचा. आमची कंपनी औषधं थंड ठेवून पोचवणाऱ्या गाड्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. गाडीतली पेटी तापायच्या आधीच इशारा देणारा भाग माझा होता. मी तो उभा केला होता, एकटीनं, आणि हा माणूस वर्षभर तोच भाग दवाखान्यांना विकत फिरत होता. कुणी बनवलाय याचा त्याला पत्ताच नव्हता.

"तो अलार्म तुमचा?" त्यानं विचारलं, तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. "मग एकाही मीटिंगमध्ये कशा दिसला नाहीत?"

"असते की. भिंतीजवळच्या खुर्चीत."

"आणि बोलत नाही?"

"विचारलं तर बोलते."

"विचारतं कोण?"

"...कुणीच नाही."

तो मोठ्यानं हसला. "वा, अलार्मबाई! पेट्यांसाठी बोंब मारता आणि स्वतःच्या वेळी अळीमिळी गुपचिळी?"

त्या दिवसापासून मी अलार्मबाई झाले. मी त्याला आधी छत्रीवाले म्हणायचे, मग नुसतं छत्री, आणि मग तू.

मला बोलायला त्यानं शिकवलं. हे मी कबूल करते, कारण ते खरं आहे. जेवणाच्या सुट्टीत आम्ही सगळ्यात लहान मीटिंग रूम पकडायचो. मी एका टोकाला उभी आणि तो दुसऱ्या टोकाला, एखाद्या खडूस दवाखान्याचा मालक होऊन, खुर्चीत रेलून बसलेला.

"ऐकू येत नाही, बाई. नळ गळतोय की काय कुठे?"

"आमची यंत्रणा..."

"कुणाची?"

"...माझी."

"हां. आता कसं! आणि त्या पडद्याकडे काय बघताय? मी एवढा देखणा इथे बसलोय."

एकदा कॉलरला लावायचा माइक मला काही केल्या लागेना. तो उठून आला. त्यानं माइक लावला, वायर नीट केली, मग पुन्हा काढून पुन्हा लावला. एकदाच लावला असता तरी चाललं असतं. त्याची बोटं थंडगार होती आणि माझे कान भाजत होते.

"लागला?" मी विचारलं.

"केव्हाच," तो म्हणाला, आणि जागचा हलला नाही.

घरी आईला कळायला वेळ लागला नाही. फोनवर माझा आवाज ऐकूनच तिनं ओळखलं.

"काय करतो गं मुलगा?"

"विकतो."

"काय विकतो?"

"माझं काम!"

आई खो खो हसली. मीही हसले. तेव्हा त्यात हसण्यासारखंच होतं.

सगळ्यात मोठ्या क्लायंटसमोर मी पहिल्यांदा बोलले, तेव्हा तो मागच्या रांगेत बसला होता. मी पडद्याकडे बघितलं नाही. एका डॉक्टरांनी अडचणीत आणणारा प्रश्न विचारला, मी हसून उत्तर दिलं, वर त्यांनाच एक प्रश्न टाकला आणि अख्खी खोली हसली. मी त्याच्याकडे पाहिलं. तो टाळ्या वाजवत होता. पण जरा उशिरानं, सगळ्यांची सुरुवात झाल्यावर. मी ते पाहिलं आणि मनावर घेतलं नाही.

त्या खोलीत आमच्या मॅडमही होत्या. वरच्या मजल्यावरच्या केबिनांमधली ही एकमेव बाई. पाठीमागे सगळे त्यांना हेडमास्तरीण म्हणत. पुढच्याच महिन्यात बनवणं आणि विकणं दोन्ही बघणाऱ्या आमच्या विभागप्रमुखांनी नोकरी सोडली, आणि त्या जागेसाठी मॅडमनी दोन नावं घेतली. एक त्याचं, एक माझं.

"आता काय करायचं रे?" मी त्याला विचारलं.

"कुस्ती!"

"गंमत नको. नियम माहितीये ना?"

नियम सगळ्यांनाच माहीत होता. नवराबायको किंवा लग्न ठरलेली माणसं एकाच विभागात एकमेकांच्या हाताखाली चालायची नाहीत. बाकी काही म्हणणं नव्हतं.

"त्यात काय?" तो म्हणाला. "जो हरेल त्यानं दुसऱ्या विभागात जायचं. टाळी दे."

मी टाळी दिली. त्याला ती जागा मिळाली असती तर मी दुसऱ्याच दिवशी माझं टेबल आवरलं असतं, शपथेवर सांगते. उलट माझ्या मनात धाकधूक होती ती मी जिंकले तर काय, याची. ती जागा मला हवी होती. भिंतीजवळच्या खुर्चीत मी इतकी वर्षं काढली होती, दुसऱ्यांची चुकीची उत्तरं ऐकत, ओठ चावत. माझ्या टीममध्ये अजून दोन मुली त्याच खुर्च्यांत बसत होत्या. त्यांना मला टेबलाशी आणून बसवायचं होतं.

गुरुवारी दुपारी त्यानं मला मागणी घातली. त्याच छोट्या मीटिंग रूममध्ये, दार लावून.

"अलार्मबाई, एक विचारायचंय. पण पडद्याकडे बघायचं नाही."

"विचार की."

"माझ्याशी... म्हणजे... च्यायला, मी रोज दहा माणसांना काहीबाही विकतो आणि आज शब्द फुटत नाहीये. लग्न करशील?"

मी हो म्हटलं. इतक्या पटकन म्हटलं की दोघांनाही हसू आलं. मी रडलेही थोडी. त्यानं माझे डोळे पुसले आणि म्हणाला, "चल, एचआरमध्ये सांगून टाकू. लपवाछपवी नको. आत्ताच."

"आत्ताच?"

"का, विचार बदलेल म्हणतेस?"

मी हवेत होते. एचआरच्या ताईंना मीच सांगितलं, मिरवत. त्यांनी मला मिठी मारली.

शुक्रवारी सकाळी मॅडमनी बोलावलं. दार लावायला सांगितलं.

"अभिनंदन," त्या म्हणाल्या. चेहऱ्यावर मात्र अभिनंदनाचं काही नव्हतं. "मला एक सांग, त्यानं तुला काहीच सांगितलं नाही?"

"कशाबद्दल?"

"तुझं नाव सोमवारीच पक्कं झालं होतं. आज जाहीर करणार होते. त्याला मी सोमवारीच बोलावून सांगितलं. त्याचंही नाव होतं ना, बाहेरून कळलं तर वाईट वाटेल म्हणून. कुणाजवळ ब्र काढू नकोस, असंही बजावलं." त्यांनी समोरची फाईल मिटली. "काल संध्याकाळी मी त्याला विचारलं, आता तू विभाग बदलशील का? नाही म्हणाला."

मॅडम पुढे म्हणाल्या की होणारा नवरा हाताखाली असताना तुला ती जागा देता येणार नाही; सोमवारपर्यंत थांबते, नाहीतर बाहेरचा माणूस घ्यावा लागेल. त्यांनी एकही शब्द त्याच्याविरुद्ध काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं, मला भांडायला कुणीतरी मिळालं असतं.

मी त्याला गाठलं ते त्याच्या गाडीत. काचेवर पावसाची बुरबुर चालली होती. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि त्याला कळलं.

"सोमवारी कळलं होतं तुला?"

"हो."

"आणि गुरुवारी मागणी घातलीस."

"घालणारच होतो गं... आज ना उद्या."

"मग गुरुवारीच का?"

त्यानं वायपर सुरू केला आणि लगेच बंद केला.

"विभाग बदल," मी म्हटलं. "आपलं ठरलं होतं. टाळी दिली होतीस."

"माझे सगळे क्लायंट इथे आहेत. तिकडे जाऊन पुन्हा शून्यापासून सुरू करू?"

"मी केलं असतं."

"तू केलं असतंस, माहितीये." त्याचा आवाज अगदी मऊ झाला. "तुला एवढं लागलं नसतं."

मग त्यानं माझा हात हातात घेतला आणि मला सगळं नीट समजावलं. यंदा कुणीतरी बाहेरचा येईल, तो काही टिकायचा नाही. तोवर आपलं लग्न होईल, घर लागेल. मग पुढच्या वेळी बघू, तो स्वतः माझं नाव पुढे करेल. तो इतकं छान बोलत होता! आणि लाज वाटते सांगायला, पण क्षणभर मला ते पटलंही. त्याची बोटं तशीच थंडगार होती आणि मला ती सोडवत नव्हती.

मी आईकडे गेले. सगळं ऐकताना ती कणीक मळत होती.

"थोडं नमतं घेतलंस तर..." तिनं सुरुवात केली आणि अर्ध्यावर सोडून दिली. माझी आई बँकेत होती. तिला एकदा अधिकारी करत होते, तिनं नको म्हणून सांगितलं होतं. घरात त्याबद्दल कुणी कधी बोलत नसे.

"तू नाही म्हटलंस तेव्हा बाबा काय म्हणाले गं?" मी विचारलं.

"खूष झाले. आठवडाभर माझ्या मागेपुढे करत होते." तिनं हाताचं पीठ झटकलं. "मग विसरले. मी नाही विसरले."

सोमवारी मी एचआरच्या ताईंना सांगितलं की लग्न मोडलं. या वेळी त्यांनी मिठी मारली नाही. दुपारी माझं नाव जाहीर झालं आणि संध्याकाळपर्यंत ऑफिसभर झालं की बाईनं खुर्चीसाठी नवरा सोडला. खुर्ची जाईल म्हणून बायकोला दगा देणारा कुणाच्याच बोलण्यात नव्हता. लोक त्याला चहा पाजत होते.

तो माझ्या हाताखाली काम करू लागला. मला 'मॅडम' म्हणायचा, सगळ्यांसमोर आणि एकांतातही. काम चोख करायचा. त्या दोघी मुली आता टेबलाशी बसत, आणि तो भिंतीजवळच्या खुर्चीत. मी बोलत असताना वही उघडून खाली बघायचा. मला वाटायचं, एकदा तरी वर बघेल. पावसाळा संपता संपता त्यानं राजीनामा दिला.

आमच्याकडे पद्धत आहे. सोडून जाणाऱ्या माणसाशी विभागप्रमुखानं समोर बसून बोलायचं. प्रश्न ठरलेले असतात. ते काम मी मॅडमवर ढकलू शकले असते. ढकललं नाही.

तो आला, बसला. कडक इस्त्रीचा शर्ट. बारीक झाला होता.

"सोडण्याचं कारण?" मी विचारलं.

"खरं सांगू?"

"सांग."

"तुझ्या हाताखाली मला जमत नाही."

कितीतरी दिवसांनी त्यानं मला 'तुझ्या' म्हटलं होतं. मी कशीबशी पुढचं बोलले. "बाईच्या हाताखाली जमत नाही?"

"छे! हेडमास्तरणीच्या हाताखाली होतोच की इतकी वर्षं. कधी काही वाटलं नाही. तुझ्याच." तो टेबलाकडे बघत राहिला. "तुला मी बोलायला शिकवलं. तू बोलायला लागलीस की मला वाटायचं... माझंच आहे हे. आणि लोक टाळ्या तुला वाजवायचे."

"प्रेम होतं ना रे?" हा प्रश्न ठरलेल्यातला नव्हता.

"होतं काय. आहे."

मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. मला त्याचा हात धरायचा होता, तेवढंच मनात होतं.

"आणि मी शिकलेच नसते तर?" मी विचारलं. "मागेच बसून राहिले असते तर?"

त्यानं मान वर केली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघितलं आणि ओळखीचं हसला, अगदी प्रेमानं.

"तर आपलं लग्न झालं असतं गं," तो म्हणाला.

त्यानं जाताना दार हळूच ओढून घेतलं. मी रडले. मग तोंड धुतलं आणि मीटिंगला गेले. सगळे माझ्यासाठी थांबले होते.