पाच हातोडे, चार माणसं

तो जबडा शोधायचा, प्लॅस्टरमध्ये गुंडाळायचा आणि भरती येण्याआधी बाहेर काढायचा, एवढ्यासाठी पाच माणसं त्या दिवशी पहाटेच गाडीत बसली होती.

जबडा कुणाचा? माणसाचा पत्ताही नव्हता तेव्हा समुद्रात पोहणाऱ्या एका अवाढव्य सरड्याचा! अकरा वर्षांपूर्वी सासूबाईंनी त्याचं टोक कड्यात पाहिलं होतं. बोटभर हाड, त्यात एक दात. उद्या हत्यारं घेऊन येऊ म्हणून त्या परतल्या आणि त्याच रात्री दरड कोसळली. तेव्हापासून घरात मिठाचा विषय निघाला तरी तो फिरून फिरून त्या जबड्यावर यायचा. गेल्या आठवड्यात वादळ झालं, कडा पुन्हा ढासळला, आतली नवी भिंत उघडी पडली, ही बातमी आली तेव्हा सासूबाईंनी हातातला चहा तसाच ठेवला आणि कपाटावरचा हातोडा काढला.

"तूही चल," त्या सुनेला म्हणाल्या.

सून हाडांच्या दवाखान्यात प्लॅस्टर घालायची. दगडातलं नाजूक हाड हलवायचं तर आधी त्यालाही ओल्या प्लॅस्टरच्या पट्ट्या गुंडाळाव्या लागतात. "जिवंत हाडं बांधतेस, मेलेली बांधायला काय जातंय तुझं?" असा सासूबाईंचा सवाल. पण सुनेचा पाय घरातून निघत नव्हता. चिमणी अवघी नऊ महिन्यांची. तिला बापाच्या हवाली करून दिवसभर घराबाहेर राहायची ही पहिलीच वेळ.

"बापालाही कळू दे मूल कशाशी खातात ते," सासूबाई म्हणाल्या. आपल्याच लेकाबद्दल!

सासूबाईंच्या दगडवेड्या मंडळाचे बाकी तिघं गाडीत होतेच. मंडळाचे प्रमुख दंतवैद्य. आठवडाभर लोकांचे दात उपटायचे आणि सुट्टीत दगडातले शोधायचे. शिंपीणबाईंची जीभ त्यांच्या कात्रीपेक्षा धारदार. आणि निवृत्त पोस्टमन, ज्यांना त्यांच्या उंचीमुळे सगळे तोंडावर 'उंट' म्हणायचे आणि ते 'ओ' द्यायचे.

गाडीत शिंपीणबाईंनी सुनेला मंडळाच्या दोन रीती सांगितल्या. पहिली, सापडलेल्या प्रत्येक मोठ्या वस्तूच्या प्लॅस्टरवर चार गोष्टी लिहायच्या: क्रमांक, तारीख, काय सापडलं, कुणाला सापडलं. आजवर चारशे अकरा झाल्या होत्या.

"आणि दुसरी म्हणजे हातोडे मोजायचे. माणसं नाही."

"म्हणजे?"

"अगं, माणसं इकडेतिकडे फिरतात, गप्पा मारतात, मोजणाऱ्याला चुकवतात. पण दगडवेडा हातोडा सोडून कधी जात नाही. निघताना जो तो आपला हातोडा पिशवीत टाकतो. शेवटी आपले दंतवैद्य मोजतात. पाच हातोडे, म्हणजे पाच माणसं. तीस वर्षांत एकदाही चूक नाही!"

"आणि अडचणीत सापडलं तर त्याच हातोड्यानं दगडावर तीनदा ठोकायचं," उंट पुढच्या सीटवरून म्हणाले. "लाटांच्या गोंगाटात माणसाचा आवाज विरतो. लोखंडाचा जातो."

गाडी कड्यावरच्या मैदानात थांबली. तिथून दहा मिनिटांची पायवाट, मग खडकाचं एक मोठं नाक समुद्रात घुसलेलं, आणि नाकाच्या पलीकडे ती जागा. तीन बाजूंनी उभा करडा कडा, चौथीकडे पाणी. मंडळात तिला 'बोळकं' म्हणत. आत शिरलं की म्हातारीच्या तोंडात उभं राहिल्यासारखं वाटायचं. नाकाला वळसा घालून जायची वाट फक्त ओहोटीत उघडी पडे. दंतवैद्यांनी शिट्टी दाखवली. "अडीचला वाजवणार. वाजली की हातातलं असेल ते सोडून निघायचं. समुद्र कुणाची वाट बघत नाही!"

हातोड्यांची रिकामी पिशवी त्यांनी नाकावरच्या एका खुंटीला अडकवली. प्लॅस्टर गाडीतच ठेवलं होतं. जबडा सापडला की उंट लांब ढांगा टाकत घेऊन येणार होते.

सकाळ कशी गेली कळलंच नाही. ओल्या मातीचा आणि शेवाळाचा वास, पायाखाली घसरणाऱ्या गोट्यांचा खडखडाट, आणि मधूनच कुणाची तरी आरोळी. "शिंपला!" "अजून एक शिंपला!" सुनेनं एक गोटा फोडला आणि आत बांगडीसारखा वळलेला शंख निघाला. त्याला तिच्याआधी कुणीही पाहिलं नव्हतं. तिच्या अंगावर काटा आला. चिमणीला पहिल्यांदा हातात दिलं तेव्हाही असंच काहीसं झालं होतं.

जबड्याचा मात्र मागमूस नव्हता. दुपारी बारीक पाऊस सुरू झाला. सगळ्यांनी मंडळाचे पिवळे रेनकोट चढवले, टोप्या डोक्यावर ओढल्या. आणि दोन वाजता, चिमणीची दूध प्यायची वेळ झाली आणि सुनेची छाती दुधानं दगडासारखी झाली. शरीराला कुठं ठाऊक, बाळ चार तासांच्या अंतरावर आहे ते!

अडीचला शिट्टी वाजली.

सून निघाली. वाटेत एका सपाट खडकावर सासूबाईंचा हातोडा दिसला, दांड्याला लाल चिंधी बांधलेला. सासूबाई आसपास नव्हत्या. पुढे, नाकाच्या दिशेनं, एक पिवळा रेनकोट चालला होता. 'आई पुढे गेल्या वाटतं. विसरल्या. तेवढंच त्यांचं ओझं कमी,' असं म्हणत तिनं तो उचलला. खुंटीवरच्या पिशवीत आपला हातोडा टाकला. सासूबाईंचाही टाकला. आणि भरभर गाडीकडे चालू लागली.

सगळ्यांत शेवटी दंतवैद्य आले. पिशवीत हात घालून मोजलं. चार, आणि त्यांचा पाचवा. पिशवी खांद्याला लावून त्यांनी बोळक्याकडे पाठ फिरवली.

गाडीच्या मागच्या बाजूला पडदा ओढून सुनेनं दूध काढलं, बाटलीचं झाकण लावलं, सुटकेचा श्वास सोडला आणि पडदा सारला. शिंपीणबाई केस पुसत होत्या. उंट चहा ओतत होते. दंतवैद्य बूट झाडत होते.

"आई कुठं आहेत?"

"तुझ्याबरोबर ना आत?" शिंपीणबाई म्हणाल्या.

"नाही. मी एकटीच होते."

उंटांच्या हातातला कप भरून वाहू लागला तरी ते ओततच राहिले.

"पण हातोडे पाच आहेत!" दंतवैद्यांनी पिशवी गवतावर उपडी केली. "हे बघा! एक, दोन, तीन, चार..."

पाचव्याला लाल चिंधी होती.

सुनेला आधी काहीच वाटलं नाही. भीती नाही, रडू नाही, काही नाही. कुणीतरी आतून दिवा मालवावा तसं झालं. मग स्वतःचाच आवाज लांबून आल्यासारखा कानावर पडला. "तो मी टाकला."

"काय?"

"त्यांचा हातोडा. मीच उचलून आणला. मीच टाकला!"

शिंपीणबाईंनी तोंडावर हात दाबला.

आणि मग सगळे धावले! शिंपीणबाई फोन घेऊन उंचवट्याकडे, बाकी तिघं दोरखंड आणि छिन्नी घेऊन उतारावरून खाली. सुनेच्या हातात लाल चिंधीचा हातोडा होता. तिच्या डोक्यात एकच गोष्ट घणासारखी आदळत होती. आईंना तीनदा ठोकायलाही काही ठेवलं नाही मी.

नाकाजवळची वाट गायब झाली होती! मघाशी जिथून कोरड्या बुटांनी चालत आले, तिथे आता कमरेएवढं पाणी उसळत होतं. वरून शिंपीणबाई ओरडल्या, "बचाव पथकाची बोट निघाली! चाळीस मिनिटं!"

"चाळीस मिनिटांत तिथे डोक्यावरून पाणी जाईल," दंतवैद्य म्हणाले. त्यांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता. "मी जातो."

"तुम्हाला पोहता येतं?" सुनेनं विचारलं.

त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"मला येतं," सून म्हणाली आणि दोर कमरेला बांधून त्यात हातोडा आणि छिन्नी खोचू लागली.

"पोरी, घरी लेकरू आहे तुझं!" उंट म्हणाले.

"त्या लेकराची आजी आहे तिथे!"

उंट छातीभर पाण्यात खांबासारखे रोवून उभे राहिले, दोर मुठीत धरून. ती निघाली. पहिल्याच लाटेनं तिला खडकावर आपटलं. खांदा सोलवटला. दुसरी लाट डोक्यावरून गेली. डोळ्यांत मीठ! नाकात मीठ! पायाखाली जमीन नाही! तिनं खडकावरच्या शिंपल्यांत बोटं रुतवली. लाट ओसरली. चार पावलं. पुन्हा लाट! पुन्हा बोटं रुतवली. आणि अचानक पाय गोट्यांवर टेकले. नाक मागे पडलं होतं.

"आई!"

नव्या दरडीच्या मागून उत्तर आलं. टक्. टक्. टक्. लोखंडाचा नव्हे, दगडावर दगडाचा क्षीण आवाज. लाटांपलीकडे तो कधीच पोचला नसता.

सासूबाई दोन शिळांच्या फटीत बसल्या होत्या. पाणी पोटापर्यंत आलेलं, ओठ निळे, हातात गोटा. डावा पाय घोट्यापासून एका घसरलेल्या शिळेखाली अडकलेला.

"आलीस होय," त्या म्हणाल्या. दात वाजत होते. "हे बघ. हे बघ आधी!"

सुनेनं पाहिलं आणि जागच्या जागी थिजली. पाय जिनं धरून ठेवला होता त्याच शिळेत तो होता! हातभर लांब, काळा, चकाकता जबडा. खिळ्यांसारखे दात ओळीनं, एकामागून एक. अकरा वर्षं वाट पाहायला लावून अखेर त्यानं सासूबाईंना पकडलं होतं.

"हा चमकताना दिसला, हातोडा तिथेच टाकून धावले आणि शिळा घसरली. अठरा दात आहेत. मोजले मी. दुसरं करायला काय होतं!"

एक लाट आली आणि त्यांच्या गळ्याशी फेसाळली. सुनेनं शिळेला खांदा लावला. ढिम्म! पुन्हा जोर लावला. शिळा तसूभरही हलली नाही. तिनं वाकून पाहिलं. शिळेत एक बारीक चीर होती. तिथे छिन्नी बसली तर दोन तुकडे होतील, पाय सुटेल. पण चीर बरोबर दातांच्या रांगेतून गेली होती.

तिनं कमरेचा हातोडा आणि छिन्नी काढली.

"आई, इथेच मारावं लागेल."

सासूबाईंनी जबड्याकडे पाहिलं. पाण्याकडे पाहिलं. मग सुनेच्या हातातली छिन्नी घेतली आणि स्वतःच्या हातानं नवव्या आणि दहाव्या दाताच्या मध्ये धरली.

"बघतेस काय? मार!"

तिनं मारलं! ठिणगी उडाली. पुन्हा मारलं! एक दात उडून पाण्यात पडला. तिसरा घाव! कडाड् आवाज झाला, शिळा दुभंगली आणि एक तुकडा गडगडत लाटेत गेला. सुनेनं काखेत हात घालून त्यांना ओढलं. घोटा भलत्याच बाजूला वळला होता. असे घोटे तिनं शेकड्यांनी पाहिले होते. पण ते कधी आपल्या माणसाचे नव्हते.

"शेवाळ संपतं तिथवर पाणी येतं," सासूबाई धापा टाकत म्हणाल्या. "त्याच्या वरची पायरी गाठ."

ती पायरी दोन पुरुष उंचीवर होती. सुनेनं त्यांना पाठीवर घेतलं. गुडघे फुटले, नखं उलटली, पण ती चढली.

दोघी पायरीवर कड्याला पाठ लावून बसल्या. खाली उरलेला अर्धा जबडा हळूहळू पाण्यात बुडाला. आधी हाड, मग दात. सासूबाई बघत होत्या. त्यांनी हूं की चूं केलं नाही.

"आई, हातोडा मी उचलला. चुकून... मला वाटलं, तुम्ही पुढे गेलात."

"माहीत आहे. फटीतून दिसत होतीस तू. किती हाका मारल्या! वाऱ्यानं नेल्या."

सुनेला वाटलं, आता ही पायरीही सुटणार. "तुम्ही बघत होतात? मी हातोडा घेऊन जाताना?"

"बघत होते. आणि इतका राग आला होता तुझा, की म्हटलं, बुडाले तरी सोडणार नाही हिला!" त्यांनी सुनेचा गार हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "मग तुझा हात छातीशी दाबलेला दिसला. घड्याळ बघितलं. म्हटलं, पोरीला लेकराची ओढ लागली आहे."

सून तेव्हा रडली. एकदाची रडली. बोटीचा भोंगा ऐकू येईपर्यंत.

बोटीनं त्यांना धक्क्यावर उतरवलं. गाडी तिथे येऊन थांबली होती. दवाखाना दोन तासांवर. सून पडलेल्या आवाजात म्हणाली, "गाडीतलं प्लॅस्टर काढा." जबड्यासाठी आणलेल्या पट्ट्या तिनं बादलीत भिजवल्या आणि सासूबाईंच्या घोट्याला मागच्या बाजूनं अर्धं प्लॅस्टर घातलं, न हलण्यापुरतं. एक सुरकुती पडू दिली नाही.

प्लॅस्टर सुकलं. सासूबाईंनी दंतवैद्यांपुढे हात केला. "पेन."

"आत्ता?"

"रीत म्हणजे रीत."

पेन सुनेच्या हातात आलं. तिनं लिहिलं, चारशे बारा. तारीख लिहिली. 'काय सापडलं' यापुढे पेन थोडा वेळ अडखळलं. मग तिनं लिहिलं: आई. 'कुणाला सापडलं' लिहायचं मात्र तिच्यानं होईना.

"इथे 'कुणी हरवलं' असंही हवं," ती हळूच म्हणाली.

"असं काही आपल्या मंडळात लिहीत नाहीत," सासूबाईंनी पेन ओढून घेतलं आणि वाकून, कण्हत, स्वतःच लिहिलं: सुनेला.

गाडी सुरू करण्याआधी दंतवैद्य मागे वळले. हातोड्यांची पिशवी त्यांच्या पायाशी होती, पण तिला त्यांनी हात लावला नाही. ते प्रत्येकाच्या ओल्या डोक्यावर बोट टेकवत गेले. उंट, एक. शिंपीणबाई, दोन. सासूबाई, तीन. सून, चार. मग स्वतःच्या डोक्यावर, पाच.

कुणी हसलं नाही. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजलं.